भिंत वाचायची नाही

२ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. वाचक एकच, मी. त्यामुळे खरं तेवढंच लिहायचं.

निवृत्त होऊन एक महिना दोन दिवस झाले. एकतीस वर्षं एका दैनिकाच्या प्रूफ खात्यात काढली. माझी सही झालेल्या मजकुरात एकही चूक कधी छापून आली नाही. एकदा आली होती, पण त्या दिवशी मला सर्दी होती.

एकतीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं निवडत बसलो. आता बास. संकल्प: यापुढे सक्ती असल्याशिवाय एक अक्षर वाचायचं नाही. रोज पहाटे फिरायला जायचं. उरलेल्या आयुष्यात काहीतरी मोठं करायचं. काय ते आठवडाभरात ठरेल.

४ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

ठरलं. कलाकार होणार.

बंद पडलेल्या कारखान्याच्या लांब भिंतीपाशी चष्म्यावर धुकं साचलं म्हणून चष्मा काढला, आणि अक्षरं गेली. नुसते रंग राहिले. थरावर थर चिकटवलेली जाहिरातींची पोस्टरं, वरचं फाटलेलं, त्यातून खालचं डोकावतंय. साबणवालीचा अर्धा गाल, त्याखाली कुठल्यातरी टायरचा काळा गोल, त्याखाली निळं काहीतरी. वीस मिनिटं उभा होतो. दूधवाल्याने सायकल थांबवून विचारलं, काका, बरं वाटत नाही का.

फाटक्या पोस्टरांचं कोलाज. मोठं, दारभर उंचीचं. नियम आत्ताच लिहून ठेवतो म्हणजे पुढे कोणी बोट ठेवायला नको. फक्त आधीच फाटलेले कागद घ्यायचे. काम चष्म्याशिवाय करायचं. आणि मुख्य म्हणजे, भिंत पाहायची, भिंत वाचायची नाही.

५ फेब्रुवारी, दुपार

गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी खोली आहे. तिथे स्टुडिओ केला. कुलूप घातलं. काम पुरं होईपर्यंत कोणालाही दाखवणार नाही असं बायकोला बजावलं. तिने दाखवा असं म्हटलं नव्हतं, पण बजावलेलं बरं.

बायको तिच्याच नादात आहे. एकवीस वर्षं ती रेडीमेड कपड्यांच्या कंपनीत कटिंगच्या टेबलावर होती. एका वेळी चाळीस थर कापड कापायची, सूतभर इकडेतिकडे नाही. गेल्या वर्षी कंपनी बंद झाली. तेव्हापासून घरातले पडदे तीनदा नवे झाले आहेत. आता शिवण-कटिंगचा क्लास काढणार म्हणते. वाचनालयाच्या वरची खोली रिकामी आहे. ग्रंथपालांनी सांगितलंय, २८ तारखेपर्यंत पंधरा नावं आणा, खोली वर्षभर तुमची. नाही तर ती कीबोर्ड शिकवणाऱ्या मास्तरला जाणार.

तिने पोस्टर छापायला दिलंय. पांढऱ्या कागदावरचं प्रूफ घेऊन वर आली. मी त्या वेळी निळ्या आणि करड्याचा संबंध पाहत होतो. चष्मा खाली राहिला होता. तिने सांगितलं, अहो, तेवढं नीट बघून द्या, घरात एवढा मोठा माणूस असताना मी दुसऱ्या कोणाला दाखवू. मी हात लांब करून पाहिलं. मांडणी स्वच्छ होती. सवयीने खाली ‘छापावे’ लिहून सही ठोकली. रंगीत कागद कोणता घेऊ, असंही तिने विचारलं. पिवळा, म्हणालो. पिवळा कुठेही उठून दिसतो.

तिचं समाधान झालं. कलाकाराने घराकडेही लक्ष द्यावं.

७ फेब्रुवारी

खळ शिकलो. गल्लीत पोस्टरं लावणारा आहे, खांद्याला पिशवी, हातात बादली आणि लांब दांड्याचा ब्रश. सगळे त्याला पोस्टरवाला म्हणतात. त्याला गाठलं. मैदा पाण्यात शिजवायचा, ढवळत राहायचं, उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा. मोरचूद नसला की झुरळं खातात, शेळ्या खातात, कागद टिकत नाही असं त्याचं म्हणणं. मोरचूद निळा असतो. माझ्या रंगांत त्याची ढवळाढवळ मला चालणार नाही. शिवाय तो विषारी. मी वगळला.

तो माणूस भिंतीला भिंत मानतो. बिचारा.

मुलीचा फोन. आईच्या पोस्टरचं प्रूफ तुम्ही पाहिलंत ना बाबा, असं तिने विचारलं. एकतीस वर्षं, एवढंच म्हणालो. तिने विषय बदलला.

९ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

काय सांगू! गावात पिवळा अवतरला आहे!

कारखान्याच्या भिंतीवर, बसथांब्यामागे, पिठाच्या गिरणीच्या कडेला. एकाच रंगाची, एकाच आकाराची पोस्टरं. हळदीहून गडद, लिंबाहून ऊबदार. गेले चार दिवस माझ्या कोलाजमध्ये नेमकं हेच कमी होतं. ज्याने कोणी हा कागद निवडला त्या माणसाला नजर आहे, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो.

ती नवी कोरी होती, हे खरं. पण गिरणीजवळच्या एकाचा कोपरा सुटला होता. मी दुसरा सोडवला. दोन कोपरे सुटल्यावर कागद फाटण्याच्या वाटेवर आहे असंच कोणीही म्हणेल. चार घेतली.

१० फेब्रुवारी

नियमात किरकोळ दुरुस्ती: फाटलेले, किंवा आज ना उद्या फाटतील असे. नऊ घेतली.

१२ फेब्रुवारी, सकाळ

एकूण चोवीस. पुलापलीकडे अजून बरीच असतील, पण गुडघा तेवढं चालू देत नाही.

या पोस्टरांचा खालचा पट्टा विलक्षण आहे. पिवळ्यावर जाड काळ्या दहा आकृत्या. वाचल्या नाहीत, अर्थातच. नुसती लय पाहिली. गोल, काठी, पुन्हा गोल, मध्ये एक गिरकी, आणि शेवटी एक कोयता व त्याच्यामागे एक गाठ मारलेली दोरी. असे सात पट्टे चित्राच्या बरोबर मध्यभागी एकाखाली एक चिकटवले. चित्र एकदम बोलायला लागलं.

संध्याकाळी बायको फोन समोर ठेवून बसली होती. तीन दिवस झाले पोस्टरं लागून, एकही फोन नाही. टेबलावर वही. तिने पंधरा ओळींना आकडे घालून ठेवलेत. ओळी कोऱ्या. रेंज आहे का बघा हो, म्हणाली. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. तिचा नंबर मला पाठ नाही, फोनमध्ये ‘घर’ या नावाने आहे. वाजला. ती दचकून उठली आणि माझंच नाव पाहून पुन्हा बसली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी तिची समजूत घातली की हल्ली भिंतीवरचं कोणी वाचत नाही. मी तरी कुठे वाचतो!

१३ फेब्रुवारी

गावातल्या चित्रांच्या गॅलरीत गेलो. नव्या कलाकारांचं सामूहिक प्रदर्शन आहे, २४ तारखेपासून. गॅलरीच्या बाईंना एक छोटा नमुना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या की एका शिल्पकाराचं शिल्प वाहतुकीत तडकलंय, कोपऱ्यातली जागा भरायची आहे. घेतलं!

निव्वळ कामाच्या बळावर. ना ओळख ना वशिला.

१४ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

गॅलरीचा फॉर्म भरायला स्टुडिओत बसलो. फॉर्म बारीक अक्षरात. सक्ती होती म्हणून चष्मा लावला. ‘वापरलेले साहित्य’ या रकान्यापाशी आठवेना, म्हणून मान वर करून चित्राकडे पाहिलं.

चष्म्यासकट.

दुपारी १२.४५

पुन्हा पाहिलं. ‘शिवण’. दुसरीकडे ‘कटिंग क्ला’. डाव्या कोपऱ्यात ‘एकवीस वर्षांचा अनुभव’. उजव्या कोपऱ्यात उलटं, ‘वाचनालयाच्या वर’.

चष्मा काढला. रंग छानच दिसत होते. पुन्हा लावला.

दुपारी ३

शांतपणे विचार केला. पहिलं म्हणजे, हे मी मुद्दाम केलेलं नाही. दुसरं, प्रूफ पांढऱ्या कागदावर होतं, हे प्रेसच्या माणसाचं चुकलं. तिसरं, मी तांत्रिकदृष्ट्या पोस्टरं फाडलेली नाहीत, उतरवली आहेत. आणि पिवळा कोणी सुचवला होता? मीच. म्हणजे एका अर्थी तो रंग माझाच.

उद्या सकाळी चहाच्या वेळी तिला सगळं सांगायचं. ठरलं. माणसाने सरळ असावं.

१५ फेब्रुवारी

चहाच्या वेळी पोस्टरवाला आला होता. बायकोने त्याला बोलावलं होतं. पुलाच्या अलीकडचं एकेक पोस्टर कोणीतरी व्यवस्थित काढून नेतंय असं तो सांगत होता. फाटून पडली असती तर तुकडे दिसले असते. हा कोणी सराईत दिसतो, म्हणाला. हे सांगताना तो माझ्या हातांकडे पाहत होता. पिवळा रंग नखांत जातो आणि साबणाने निघत नाही, ही त्या कागदाची खोड आहे.

मी हात टेबलाखाली घेतले.

बायको म्हणाली की तो कीबोर्डवालाच असणार. तिचा आवाज मी इतका घट्ट कधी ऐकला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही पहाटे फिरायला जाताच, आता जरा भिंतींवर लक्ष ठेवा. सापडला तर सोडू नका.

अशा वातावरणात सांगणं बरं दिसलं नसतं. उद्या.

जाताना पोस्टरवाला दारात थांबला आणि माझ्याशी हळूच बोलला. काका, कागद अख्खा उतरवायचा असेल तर पाणी खालून मारायचं, वरून नाही. एवढंच. पाचावर धारण बसली.

१६ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

गस्त घातली. चोर दिसला नाही.

१७ फेब्रुवारी

मार्ग सापडला! न सांगता सगळं पूर्ववत करायचं. प्रेसमध्ये जाऊन तीच पोस्टरं आणखी तीस छापायला सांगितली. मजकूर तोच ना, असं प्रेसवाल्याने विचारलं. अहो, प्रूफ मी स्वतः पास केलंय, असं जरा जरबेनेच सांगितलं. उद्या पहाटे स्वतः चिकटवणार. फोन येतील, वही भरेल, तिला खोली मिळेल. मग निवांत, हसत हसत, एखाद्या वर्षी सांगून टाकू.

१८ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

तीसही लावली. हात भरून आले, पण मन हलकं झालं. खळ माझीच, घरची.

सकाळी ७.४०

खात्री करायला परत गेलो. गिरणीजवळ तीन शेळ्या उभ्या होत्या. एकीच्या तोंडात ‘अनुभव’ होता.

बसथांब्यामागची आधीच खाऊन झाली होती. कारखान्याच्या भिंतीवरची जेमतेम चार उरली. शेळ्यांना हाकललं तर त्यांच्या मालकिणीने मलाच झापलं. म्हातारपणी मुक्या जनावरांच्या मागे दगड घेऊन धावता, म्हणाली. दगड नव्हता, ब्रश होता.

मोरचूद. असो.

१९ फेब्रुवारी

वही कोरीच. पुरता भोपळा.

बायको दुपारी खाकी कागद पसरून फ्रॉकचा नमुना कापत बसली होती. कोणासाठी कापतेस, विचारलं. हाताला सवय राहावी म्हणून, म्हणाली. कात्रीचा आवाज वर स्टुडिओपर्यंत येत होता.

तिला असं वाटायला लागलंय की लोकांना तिचा क्लास नकोच आहे. कंपनीतल्या बायका तोंडावर गोड बोलायच्या, बाहेर कोणाला काय पडलंय, असं म्हणाली. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण प्रदर्शन पाच दिवसांवर आलं आहे. आत्ता सांगितलं तर ती चित्राला काडी लावेल, आणि गॅलरीच्या बाईंना मी शब्द दिलाय. शब्दाला किंमत असते.

२० फेब्रुवारी

पिवळा काढून टाकायचा प्रयत्न केला. काढला तर चित्रात काहीच उरत नाही. त्यातून पट्ट्यांवर अजून पोस्टरवाल्याची खळ आहे, निघायचं नाव घेत नाहीत.

म्हणून झाकला. नुसता जिथे जिथे शब्द आहेत तिथे. साबणाच्या जाहिरातीचा लाल कागद वरून लावला. मधल्या सात पट्ट्यांवर एकच मोठा लाल चौकोन. खरं तर चित्राला हेच हवं होतं. लालामुळे पिवळा अधिक गूढ झाला आहे. कलेत अपघाताला फार महत्त्व.

टाकीच्या खोलीत झुरळं फार झालीत. चित्राच्या मागून मिशा दिसतात.

२१ फेब्रुवारी

बायकोने विचारलं, तुमचं ते प्रदर्शन कधी. मी २६ तारीख सांगितली. २६ ला म्हणायचं, अरे, कालच संपलं की!

मुलीने फोनवर विचारलं, बाबा, तुमचा आवाज असा का येतोय. रेंज नाही म्हणालो.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

चित्र टेंपोतून गॅलरीत पोचवलं. कोपऱ्यात लावलं, वर दोन जोरदार दिवे. लाल थोडा सैल वाटतोय. एक कड अशी, कुरतडल्यासारखी. बाई म्हणाल्या, टेक्श्चर छान आहे. म्हणजे जाणकारांना ते मुद्दाम केलेलं वाटतं. मी नाही म्हटलं नाही.

वहीत अजून एकही नाव नाही. पाच दिवस उरले. उद्याचं उद्घाटन झालं की परवा नक्की, अगदी शपथेवर, सांगायचं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३५. गॅलरीचा मागचा जिना

लपून लिहितोय.

बायको आली आहे.

गॅलरीने गावभर प्रदर्शनाची पोस्टरं लावली होती. कलाकारांची नावं, तारीख, वेळ, सगळं ठळक. पोस्टरवाल्यानेच लावली. तिने भिंतीवर वाचलं. ती भिंती वाचते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. चांगले कपडे करून, केस नीट बांधून आली आहे. तुम्ही तारीख चुकून सांगितलीत वाटतं, म्हणाली, आणि माझ्या कॉलरवरचा धागा काढला.

सध्या ती दाराजवळच्या मडक्यांच्या चित्रापाशी आहे. माझं चित्र तिथून अकरावं.

५.५०

ती सहाव्यापाशी. प्रत्येक चित्र नीट पाहतेय. हिला कोणी एवढं बारकाईने पाहायला शिकवलं?

मी माझ्या चित्राकडे जाऊन आलो. दिव्यांच्या उष्णतेने खळ सुटली आहे. लाल चौकोन अर्धा झुरळांनी आधीच खाल्ला होता, उरलेला गुंडाळी होऊन खाली लोंबतोय. आतून सातही पट्टे लखलखीत. पोस्टरवाल्याचं काम, एक अक्षर हललं नाही. तळव्याने लाल दाबून धरला. गॅलरीच्या बाई म्हणाल्या, सर, कलाकृतीला हात लावू नका.

६.०५

नववं.

६.३०

हे नंतर लिहितोय. जिन्यावरच. क्रमाने लिहितो.

बायको चित्रासमोर आली तेव्हा तिथे आधीच एक तरुण बाई उभी होती, कडेवर मूल. बायको पाहत राहिली. तिने पिवळा ओळखला. माझ्या नखांकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. मी खोकलो.

तेवढ्यात त्या मूलवालीने गॅलरीच्या बाईंना विचारलं की हा क्लास खरंच आहे का, मला शिवण शिकायचंय, आणि पर्समधून फोन काढून चित्रातल्या पट्ट्यावरचा नंबर फिरवायला लागली. आता संपलं, असं मनात म्हटलं. आता बायकोच्या पर्समध्ये फोन वाजणार आणि भर गॅलरीत शोभा होणार. मी डोळे मिटले. त्या बाईच्या कानाशी रिंग जात असलेली मला ऐकू येत होती.

पर्स वाजली नाही.

जीव भांड्यात पडला. वाचलो! खरंच, मनात हाच शब्द आला. वाचलो.

मग ती मूलवाली फोनवर कोणाला तरी सॉरी म्हणाली आणि हसायला लागली. म्हणाली, हे तर पंक्चरचं दुकान आहे. तो माणूस वैतागलाय, म्हणतो बाई, गेले पंधरा दिवस शिवणक्लासवाल्या बायकांनी माझं डोकं उठवलंय.

बायकोने पर्समधून चष्मा काढला. लावला. पट्ट्याच्या अगदी जवळ गेली आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचला, मोठ्याने. शेवटी थांबली. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, माझ्या नंबरच्या शेवटी चार-सात आहेत. इथे सात-चार आहेत.

कोयता आणि गाठ. उलटे.

मी म्हणालो की प्रेसवाल्यांचं हे नेहमीचंच. ती म्हणाली, प्रूफ माझ्या मशीनच्या खणात आहे. त्यावर ‘छापावे’ आहे. खाली सही आहे. मग पोस्टरं काढून आणल्याबद्दल ती काही बोलेल म्हणून मी तयारीत राहिलो. सगळी उत्तरं पाठ होती, तांत्रिकदृष्ट्यापासून. तिने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. फक्त म्हणाली, म्हणजे फोन येत होते. मग एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं रागाचं. पण ती हसत होती. येत होते हो, असं दोनदा म्हणाली. त्या मूलवालीचा हात धरून म्हणाली. मग मूल रडायला लागलं आणि ती बाई नाव लिहून न देताच घाईने निघून गेली.

माझ्याकडे पाहून ती हसत नव्हती.

२५ फेब्रुवारी, दुपारी १

पंक्चरच्या दुकानात पाठवण्यात आलं. पुलापलीकडे आहे. गुडघ्याचं कारण चाललं नाही.

माणूस काळ्या बनियनमधला, तोंडात सतत एक वॉल्व्हची टोपी. मी कोण ते कळल्यावर त्याने आधी पोटभर सुनावलं. एरवी ज्याचं चाक बसतं तोच फोन करतो, म्हणाला, इथे फ्रॉकची मापं सांगायला लागल्या बायका. पण पहिल्या दिवसानंतर त्याच्या लक्षात आलं की चुकीचा नंबर छापलाय, कोणाचं तरी नुकसान होत असणार, कधीतरी तो शोधत येईल. म्हणून त्याने येणारा प्रत्येक नंबर दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. ट्यूबांमागे, हवेच्या पंपाच्या वर, छतापर्यंत.

चौतीस नंबर. काही ग्रीसने पुसट झालेले, काही सायकली टेकून अर्धे गेलेले.

चष्मा लावला. भिंतीसमोर उभा राहून ओळीने वाचत गेलो आणि उतरवून घेतलं. प्रत्येक आकडा दोनदा, नंतर उलट दिशेनेही. दीड तास लागला. पंक्चरवाला म्हणाला, एवढं काय बघता, सोपं तर आहे. मी पुढचा आकडा उतरवला. चार नंबर काही केल्या वाचता आले नाहीत. तेवढ्या चार बायकांची मला मनापासून माफी मागावीशी वाटली, पण मागायची कुठे?

२६ फेब्रुवारी

सकाळपासून फोन करतोय. मीच करायचे, असं ठरलेलं आहे. सुरुवात अशी करायची: नमस्कार, पोस्टरवर नंबर चुकला होता, चूक माझी. शेवटचे दोन शब्द गाळून पाहिले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, पूर्ण वाक्य.

दहा जणी दुसरीकडे गेल्या. एकीने तासभर समजावलं की माणसाने कामात लक्ष ठेवावं. पाच नावं मिळाली.

गॅलरीतून फोन. चित्रातून झुरळं बाहेर आली आणि पार दाराजवळच्या मडक्यांच्या चित्रात शिरली, ताबडतोब घेऊन जा. मी त्यांना जिवंत माध्यम ही कल्पना समजावून सांगायला लागलो, पण रेंज गेली.

२७ फेब्रुवारी

अकरा. फोन करून घसा बसला. बायकोने कोमट पाणी आणून ठेवलं, पण शेजारी बसली नाही.

२८ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

चौदा. यादी संपली. ग्रंथपाल सहाला कुलूप लावतात. कीबोर्डवाला तीन वाजल्यापासून वाचनालयाच्या पायरीवर बसून आहे, अशी बातमी पोस्टरवाल्याने आणली.

यादी पुन्हा काढली. भिंतीवरच्या पुसट चारांपैकी एकाचा शेवटचा आकडा एक असेल किंवा नऊ. एक लावून पाहिला. कोणी म्हातारे गृहस्थ निघाले, शिव्या दिल्या.

५.२०

नऊ लावला. उचलत नाहीत. पुन्हा लावला. बायको वहीवर हात ठेवून उभी आहे. पंधरावी ओळ कोरी. माझ्या एकतीस वर्षांत डेडलाइनने कधी हात गार पडले नव्हते. आज पडले.

५.३१

दाराची बेल. मूलवाली. चित्रातला नंबर चुकला म्हणून मी गॅलरीत पत्ता विचारून आले, म्हणाली. चित्र मात्र काही कळलं नाही हो, असंही म्हणाली.

पंधरा. बायको चप्पल न घालता निघाली होती, परत येऊन घातली. मी सोबत येऊ का विचारलं. नको, म्हणाली, तुम्ही खिडकीतून बघा. बघणं तुम्हाला जमतं.

६.२५

खोली मिळाली. मला फार आनंद झाला. एवढं एक वाक्य या वहीत काटछाट न करता राहू द्यावं.

१५ मार्च

पहिली तुकडी सुरू होऊन दोन आठवडे झाले. माझं चित्र वाचनालयाच्या वरच्या खोलीत कायमचं लागलं आहे. दर्शनी बाजू भिंतीकडे. पाठीला काळा रंग दिलाय, त्यावर बायको खडूने मापं काढून शिकवते. सगळ्या जणी रोज तासभर एकटक पाहत असतात. एवढा प्रेक्षक गॅलरीत मिळाला नसता.

दुसऱ्या तुकडीसाठी नवीन पोस्टर निघतंय. रंग या वेळी तिने एकटीने ठरवला, निळा. चिकटवायची जबाबदारी माझ्याकडे, पोस्टरवाल्याच्या हाताखाली. खळीत मोरचूद मीच टाकतो, मोजून.

चष्मा लावून, पेन घेऊन प्रूफ मागायला गेलो. ती म्हणाली, झालंय तपासून. कोणी तपासलं, विचारलं. पोस्टरवाल्याने.

त्याला प्रूफ वाचता येतं का, असं मी जरा हसूनच म्हणालो. बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली, तो वाचत बसत नाही. तो नंबर फिरवून बघतो.